दार उघडे ठेवले म्हणून घर विकते का?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. घर विकून पाहावे, असे मात्र कुणी म्हणून ठेवल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. घर बांधणे हा आपल्याकडे अभिमानाचा विषय, तर विकणे हा कुजबुजीचा. मुलीचे लग्न, दवाखाना, बँकेचे हप्ते, भावाभावांतली वाटणी, असे काहीतरी मागे असणार, हे लोक आधीच धरून चालतात. ‘त्यांनी घर काढलंय म्हणे’ हे वाक्य गल्लीत नेहमी हळू आवाजातच बोलले जाते.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मात्र घर विकायचे असेल, तर लोक शनिवारी-रविवारी दार सताड उघडे ठेवतात. बाहेर पाटी लावतात, वेळ जाहीर करतात. ज्याला पाहायचे त्याने यावे, खोल्या फिराव्या, कपाटे उघडून पाहावी. याला ते ‘ओपन हाउस’ म्हणतात. हल्ली परदेशात नोकरी करणारी आपली मुले फोनवरून आईवडिलांना हाच सल्ला देतात. ‘दलालाच्या मागं कशाला लागता? सरळ ओपन हाउस ठेवा.’

आता प्रश्न असा, की ही रीत आमच्या मुकुंदवाडीत चालेल का? दार उघडे ठेवल्याने खरेच घर विकते का?

आधी जिथली ही रीत आहे, तिथले पाहू. अमेरिकेत घरांच्या दलालांची एक मोठी राष्ट्रीय संघटना आहे. घर घेतलेल्या लोकांना ती दरवर्षी विचारते, की तुम्हाला हे घर प्रथम कुठे सापडले? अलीकडच्या वर्षांत निम्म्याच्या आसपास लोक इंटरनेटचे नाव घेतात, साधारण शंभरातले तीस दलालाचे. दारावरची पाटी किंवा ओपन हाउसची पाटी पाहून घर सापडले, असे सांगणारे शंभरात जेमतेम चार-पाच निघतात. तिथले जाणकार तर उघड म्हणतात, की ओपन हाउसचा खरा फायदा दलालाला. घर पाहायला आलेल्यांचे फोन नंबर मिळतात आणि पुढची गिऱ्हाइके तयार होतात. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ऑस्ट्रेलियात ओपन हाउस आणि घरांचे जाहीर लिलाव यांवर बंदी आली. तरी घरांचे व्यवहार काही थांबले नाहीत. लोक वेळ ठरवून एकेकटे येऊ लागले, व्हिडिओवर घर पाहू लागले.

म्हणजे ज्यांनी ही रीत काढली, त्यांच्याकडेही नुसत्या उघड्या दाराने घर विकत नाही. मग आमच्याकडे तिचा काय पाड? पण उत्तर इतके सरळ नाही. त्यासाठी मुकुंदवाडी थोडी समजून घ्यावी लागेल.

मुकुंदवाडी हे मुळात जालना रस्त्यावरचे गाव. एका बाजूला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली. १९७० च्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद आखायला घेतले आणि दुसऱ्या बाजूने सिडकोचे सेक्टर येऊन टेकले. गाव मधल्यामध्ये शहरात गेले. जालना, बीड, परभणी, बुलडाणा अशा जिल्ह्यांतून माणसे कारखान्यात कामाला आली आणि शेताचे गुंठे पाडून विकलेल्या वीस बाय तीसच्या प्लॉटवर त्यांनी घरे उभी केली. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण या गल्ल्यांतले व्यवहार जुन्याच रीतीने चालतात.

त्यामुळे इथे एकाच फर्लांगात तीन तऱ्हेची घरे भेटतात. पहिले, सिडकोचे घर. याची जमीन भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणून हस्तांतराचे कागद वेगळे. दुसरे, बिल्डरचा फ्लॅट किंवा रो-हाउस. आणि तिसरे, गुंठेवारीतले घर. यात विटा पक्क्या, माणसे पक्की, कागद मात्र पुष्कळदा कच्चा. वरून पाहिले तर तिन्ही घरे सारखीच दिसतात. तोच डिस्टेंपर, तीच शहाबादी फरशी, दारात तीच तुळस किंवा मेंदीचे झाड. फरक असतो तो कपाटातल्या फायलीत. आणि ओपन हाउसमध्ये पाहुण्याला कपाट दाखवतात, फाईल दाखवत नाहीत.

आमच्या गल्लीत याचा एक प्रयोगच झाला. कारखान्यातून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत, मी त्यांना अण्णा म्हणतो. गावाकडे परत जायचे ठरल्यावर त्यांनी घर विकायला काढले. पहिले काही महिने नेहमीच्या रीतीने गेले. दोन दलालांच्या कानावर घातले आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावले. परिणाम असा झाला, की गिऱ्हाईक आले तेही दलालाचे आणि भाव आला तोही दलालाचाच. ‘अण्णा, तुमची नड आहे, घेऊन टाका’ असा सूर. लपवून विकणाऱ्याची हीच पंचाईत असते. बाजारात आपल्या घराला दुसरा कुणी किती देईल, हे त्याला कळतच नाही. एकाच तोंडून आलेला भाव त्याला खरा मानावा लागतो.

मग पुण्याच्या मुलाने ओपन हाउसचा आग्रह धरला. अण्णा आधी बिचकले. वहिनींना तर चोरांपासून नजरेपर्यंत सगळ्या शंका. शेवटी बॅनर लागले, ‘घर विकणे आहे, रविवारी सकाळी १० ते २ पाहायला या.’ चहाला आणि बोलायला माणूस हवा, म्हणून अण्णांनी मला बसवून घेतले.

माणसे बरीच आली. पण कोण? निम्म्याहून जास्त आमच्याच गल्लीतली. वर्षानुवर्षे समोर राहून त्यांनी हे घर आतून पाहिले नव्हते. दोन दलाल आले, एकमेकांना पाहून ओशाळले. पोरेटोरे गच्चीवर जाऊन आली. खरे घेणारे म्हणावेत असे चार-पाचच. त्यांनीही घर पाहून ‘बघतो, घरी बोलतो’ म्हटले आणि गेले. इसार दूरच, भावदेखील कुणी विचारला नाही. दुपारी अण्णा म्हणाले, “भाई, तमाशा झाला नुसता.”

मला तसे वाटले नाही. आपल्याकडे घर एका भेटीत ठरत नाही, हे त्या दिवशी नीट दिसले. पहिल्यांदा माणूस एकटा मोटारसायकलवर येतो, घराआधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चौकशी करतो. दुसऱ्यांदा बायकोला घेऊन येतो, ती स्वयंपाकघर आणि न्हाणी पाहते. तिसऱ्यांदा आई, मेहुणा आणि ओळखीचा मिस्त्री. मिस्त्री भिंतीवर टिचकी मारून ओल शोधतो. मग पितृपक्ष असेल तर तो सरायचा, आमच्याकडे रमजान असेल तर ईद व्हायची. त्यानंतर इसार. नवरा-बायको रविवारी फिरत आली आणि सोमवारी कागद केला, ही तऱ्हा आपली नाही. आमच्या चढाईत ओपन हाउस ही फक्त पहिली पायरी ठरते.

पण ती पायरी बिनकामाची नाही. वस्तीतले घर पुष्कळदा वस्तीतल्याच माणसांच्या नातलगाला जाते. ज्याचा भाऊ इथे, ज्याची बहीण इथे, तोच इथे घर शोधतो. म्हणून गल्लीतली जी माणसे ‘नुसती बघायला’ आली, तीच खरी जाहिरात. त्यांनी आत पाहिले, रात्री गावाकडे फोन केले. फुकट्या बघ्यांना चहा पाजला असे अण्णांना वाटले, पण तो चहा वाया गेला नव्हता.

अडले होते वेगळ्याच ठिकाणी. त्या चार-पाच खऱ्या गिऱ्हाइकांनी जाताना दारात हळूच तीन गोष्टी विचारल्या होत्या. कागद काय आहे? पाणी कधी येतं? घर रस्त्यात तर जात नाही ना? अण्णांचे उत्तर तिन्ही वेळा एकच, ‘काही काळजी करू नका.’ आता ज्या प्रश्नाला असे उत्तर मिळते, त्याचीच माणूस जास्त काळजी करतो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की भंगार, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना भंगार धरून भाव पाडतो. यात मरण होते चांगली गाडी असलेल्याचे. आमच्या गुंठेवारीच्या वस्तीत नेमके हेच घडते. दहा घरांत चार कागद कच्चे असतील, तर उरलेल्या सहांनाही कच्च्याचाच भाव सांगितला जातो. ज्याचा कागद पक्का, त्याने तो झाकून ठेवणे म्हणजे स्वतःचे नुकसान स्वतः करून घेणे.

कागदाचे गणित थोडक्यात सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची, तर नोंदणीकृत खरेदीखतच लागते. आमच्याकडे मात्र कितीतरी प्लॉट शंभराच्या बाँडवर, नोटरीच्या शिक्क्यावर हातोहात गेले. बाँड, मुखत्यारपत्र किंवा नुसते साठेखत यांनी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले. गुंठेवारीतली बांधकामे नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ चा कायदा आहे. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्र घेतले, त्यांच्या घराला कर्ज काढणारे गिऱ्हाईकही मिळू शकते. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांना बहुधा रोख पैसेवालाच शोधावा लागतो. असे गिऱ्हाईक थोडे, आणि ते भाव पाडूनच मागते.

दुसरी गोष्ट पाणी. या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते आणि नळाला रोज पाणी ही इथे कित्येक वर्षे स्वप्नातली गोष्ट राहिली. २०१९ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मुकुंदवाडीची एक बातमी जगभर दिली होती. रेल्वेमार्गाजवळच्या वस्तीतली नऊ-दहा वर्षांची मुले रिकामी भांडी घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जात आणि पाणी भरून परत येत. १६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. अशा गावात गिऱ्हाईक हॉलच्या रंगाकडे का पाहील? ते हौद किती लिटरचा, बोअर आहे का, टँकरला किती जातात, हेच विचारणार.

तिसरी गोष्ट रस्ता. २०२५ च्या जूनमध्ये महापालिकेने मुकुंदवाडीत जालना रस्त्याच्या कडेची बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. ज्यांनी ती यंत्रे चालताना पाहिली, ते आता घराच्या खिडक्या मोजण्याआधी विकास आराखडा विचारतात. आणि तसे विचारणेच शहाणपणाचे आहे.

अण्णांनी दुसऱ्या वेळी रविवार धरला नाही. नळाला पाणी यायचा दिवस आणि वेळ धरली. शिफ्ट सुटलेल्या माणसांनाही यायला जमेल अशी संध्याकाळ होती. टेबलावर कागदांच्या झेरॉक्स मांडल्या. खरेदीखत, गुंठेवारीचे प्रमाणपत्र, मालमत्ता कराच्या आणि पाणीपट्टीच्या पावत्या, लाइट बिल, नकाशा. अंगणात हौद भरत होता. माणसे पहिल्या वेळेपेक्षा कमी आली, पण बसली जास्त वेळ. एकाने चक्क तोटीखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते घड्याळात पाहिले. घर शेवटी घेतले ते चार घरे सोडून राहणाऱ्या बाईंच्या मावसभावाने. बाई पहिल्या रविवारी ‘नुसत्या बघायला’ आल्या होत्या. भाव मनासारखा आला असे अण्णा म्हणत नाहीत, पण दलालाने सांगितला होता त्याहून बराच वर गेला.

आता थोडे नाजूक बोलतो. पहिल्या रविवारी बुरख्यातली एक बाई मुलाला घेऊन आली होती. तिने घर नीट पाहिले, गच्ची पाहिली, भाव विचारायचे मात्र टाळले. जाताना मला म्हणाली, “फोन केला की पहिलं नाव विचारतात. नाव सांगितलं की घर गेलेलं असतं. इथं बोर्ड लागला होता, म्हणून आत तरी आले.” घर तिच्या ऐपतीबाहेरचे होते, ती परत आली नाही. पण तिचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण ते मला नवे नव्हते. तरुणपणी खोली शोधताना मी मराठीत इतके चांगले बोलायचो, की फोनवर सगळे ठरायचे. प्रत्यक्ष नाव सांगितले की मालकाच्या पुतण्याला खोलीची अचानक गरज पडायची. अशा पुतण्यांची मी पुढे मोजदाद सोडून दिली.

हा एकट्या मुसलमानाचा अनुभव नाही. दलित मित्रांना आडनाव विचारले जाते, एकट्या बाईला नवरा विचारला जातो. आणि आमच्या मोहल्ल्यांतही परक्याला घर देताना चार तोंडे वाकडी होतात, हेही सांगितले पाहिजे. इंटरनेटवरच्या जाहिरातींना वेगवेगळ्या नावांनी प्रतिसाद देऊन दिल्ली परिसरात एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाड्याच्या घरासाठी मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा मालकांचे उलट फोन कमी आले, असे त्यात दिसले. २००५ मध्ये तर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले.

म्हणून ओपन हाउसचा मला दिसलेला सगळ्यात मोठा गुण भावाचा नाही. उघड्या दारात नाव विचारले जात नाही, हा तो गुण. घर आधी दिसते, माणूस नंतर. आणि विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तरी यात हिशेबच आहे. दारातच गाळणी लावली की गिऱ्हाइके कमी होतात, आणि गिऱ्हाइके कमी झाली की भाव पडतो. नाव विचारून घर विकणारा स्वतःच्याच खिशाला कात्री लावत असतो.

बिल्डरकडचा सॅम्पल फ्लॅट हे आपल्याकडचे खरे रुळलेले ओपन हाउस. तिथे मात्र डोळे उघडे ठेवा. तिथला पलंग कधी मापापेक्षा आखूड असतो, दारे काढलेली असतात, आरसे लावून खोली मोठी केलेली असते. २०१६ च्या रेरा कायद्यातले बारावे कलम ध्यानात ठेवा. जाहिरात किंवा नमुन्याचा फ्लॅट पाहून तुम्ही पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाली, तर व्याजासह पैसे परत आणि नुकसानभरपाई मागता येते. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढून ठेवा, माहितीपत्रक जपून ठेवा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही विसरू नका. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या छोट्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. आमच्या भागातली बरीच रो-हाउस अशीच असतात. तिथे वकिलाकडून शोध अहवाल घेणे हाच आधार.

घर विकणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. दार जरूर उघडा, पण त्याच्याआधी फाईल उघडा. कागदांच्या झेरॉक्स ठेवा, त्यांवर ‘फक्त पाहण्यासाठी’ असे आडवे लिहा, आधारचा नंबर झाका, मूळ कागद कपाटातून काढू नका. दागिने आणि मोबाइल आधीच हलवा, सोबतीला घरचे दोघे-तिघे ठेवा. पाणी येते त्या वेळी बोलवा. ओल असेल तिथे कॅलेंडर टांगू नका, मिस्त्री ते उचलतोच. येणाऱ्यांचा फोन नंबर वहीत लिहून घ्या, आडनाव विचारायची घाई नको. खरेदीखताला सगळी नावे लागणारच आहेत.

घेणाऱ्यांनी उघड्या दारावर भुलू नये. सातबारा आणि मिळकत पत्रिका सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतात, नोंदवलेल्या दस्ताचा इंडेक्स टू ई-सर्चवर शोधता येतो. शेजारच्या बाईला पाण्याचे विचारा. तिला दलाली मिळायची नसते, म्हणून ती खरे सांगते.

तर, दार उघडे ठेवले म्हणून घर विकते का? नुसत्या दाराने नाही. पण लपवून विकलेले घर स्वस्तात जाते, हे नक्की. घर विकणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आयुष्यभर हप्ते फेडून उभे केलेले ते आपले धन आहे, आणि आपले धन चार लोकांसमोर, उजेडात, कागद दाखवून विकण्याचा हक्क आपल्याला आहे. घेणारा कोण, हे नंतर कळेलच. त्याला आधी आत तर येऊ द्या.